यूएचडी ६२० दोन असतात: भाचीच्या लॅपटॉपवरची काळी स्क्रीन

भाचीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघून दादरच्या पुलावर होतो, गर्दीत नीट ऐकू येत नव्हतं पण एवढं कळलं की तिने लॅपटॉपवर मॅकओएस टाकायला घेतलं, अ‍ॅपलचं चित्र आलं, खालची पट्टी अर्धी भरली आणि स्क्रीन काळी. "मामा, लॅमिंग्टन रोडला एका दुकानात दाखवला, तो म्हणाला पॅनल गेलं, साडेपाच हजार होतील, बाबा द्यायला तयार आहेत." मी एकच विचारलं, विंडोज चालू केलं की दिसतं का? म्हणाली, हो, ते व्यवस्थित दिसतं. मग पॅनल कसं जाईल? तिला म्हटलं बाबांना सांग थांबा, शनिवारी येतो भांडुपला.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. तीन शनिवार गेले त्यात. सगळं सविस्तर लिहितोय कारण "स्क्रीन काळी" या एकाच तक्रारीखाली आम्हाला तीन वेगवेगळे बिघाड सापडले, तिन्ही बाहेरून अगदी सारखे दिसत होते, आणि प्रत्येकाचा उपाय दुसऱ्याच्या काहीच कामाचा नव्हता.

आधी मशीन सांगतो. चौदा इंची लॅपटॉप, इंटेल कोर आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, फुल एचडी पॅनल, ग्राफिक्स दोन, एक इंटेल यूएचडी ६२० आणि दुसरं एनव्हिडियाचं एमएक्स१५०. विंडोज एका ड्राइव्हवर, मॅकओएससाठी तिने वेगळी २५६ जीबीची एसएसडी लावून घेतली होती, ही फार चांगली गोष्ट केली कारण त्यामुळे कितीही तोडफोड झाली तरी कॉलेजच्या फाइल सुरक्षित होत्या. तिला आयफोनची अ‍ॅप बनवायला शिकायचंय, त्याला अ‍ॅपलचं एक्सकोड नावाचं सॉफ्टवेअर लागतं, एक्सकोड फक्त मॅकवर चालतं, आणि मॅक घ्यायची घरची परिस्थिती नाही. मी तिला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की अ‍ॅपलच्या लायसन्सप्रमाणे मॅकओएस अ‍ॅपलच्याच कॉम्प्युटरवर चालवायची परवानगी आहे, म्हणजे ह्या लॅपटॉपला अधिकृत आधार कुणाचाच नाही, काही झालं तर तक्रार कुठे करता येणार नाही, हे शिकण्यापुरतं आहे आणि पुढे नोकरी लागली की पहिलं काम स्वतःचा मॅक घ्यायचं. शिवाय हा रस्ताही आता संपत आलाय, इंटेल प्रोसेसरवाल्या मॅकसाठी मॅकओएस टाहो ही शेवटची आवृत्ती असं अ‍ॅपलने जून २०२५ मध्येच जाहीर केलंय. तिला हे सगळं माहीत होतं, तरी करायचं होतं.

मॅकओएसची आवृत्ती व्हेंचुरा, १३.६. ही का घेतली ते लक्षात ठेवा, पुढे त्यावरच अडलं. तिच्या कोर्सला एक्सकोड १५ हवं होतं आणि त्याला कमीत कमी व्हेंचुरा १३.५ लागतं, म्हणजे त्याच्या खाली उतरायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या शनिवारी मी गेलो तेव्हा पहिलं काम केलं ते म्हणजे स्क्रीन नेमकी कुठल्या क्षणी जाते ते पकडायचं. असल्या लॅपटॉपवर मॅकओएस सुरू व्हायला आधी ओपनकोर नावाचा बूटलोडर (सिस्टीम चालू करून देणारा छोटा प्रोग्राम) लागतो, तो पेनड्राइव्हवर होता. ओपनकोरची यादी स्क्रीनवर दिसत होती, म्हणजे पॅनल, पॅनलची केबल, बायोस (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणारं त्याचं मूळ सॉफ्टवेअर) सगळं ठीक. मग व्हर्बोस मोड लावला, म्हणजे अ‍ॅपलच्या चित्राऐवजी पांढरी अक्षरं धावतात. ती इतक्या वेगात जातात की डोळ्याला काही लागत नाही, म्हणून मी मोबाईल स्लो मोशनवर ठेवून शूट केलं आणि नंतर एकेक चित्र थांबवून बघितलं. शेवटची ओळ दर वेळी तीच, आयओकन्सोलयूजर्स आणि पुढे जीआयओस्क्रीनलॉकस्टेट ३. ह्या कामात असलेल्यांना ही ओळ तोंडपाठ असते. ही ओळ स्वतः काही चूक सांगत नाही, पण साधारण इथेच सिस्टीम अक्षरं सोडून खऱ्या ग्राफिक्सकडे वळते, आतापर्यंत बायोसने उभं करून दिलेल्या साध्या चित्रावर काम चाललेलं असतं आणि ह्यापुढे ग्राफिक्सचा ड्रायव्हर ताबा घेतो. म्हणजे दोष पॅनलचा नाही, इन्स्टॉलचा नाही, ताबा घेण्याच्या त्या टप्प्याचा आहे.

सगळ्यात आधी संशय एनव्हिडियावर जातो आणि तो जायलाच हवा. एमएक्स१५० पास्कल पिढीचं कार्ड, त्या पिढीला चालणारे एनव्हिडियाचे मॅकसाठीचे ड्रायव्हर मॅकओएस हाय सिएराबरोबर संपले, म्हणजे १०.१३ नंतर काही नाही. त्यामुळे ते सरळ झाकून टाकायचं, -वेगनोईजीपीयू हे बूट आर्ग्युमेंट, म्हणजे चालू होताना सिस्टीमला द्यायची सूचना, टाकलं. (ह्याने कार्ड फक्त सिस्टीमपासून लपतं, पूर्ण बंद होत नाही, बॅटरी खात राहतं, त्यासाठी वेगळी एसएसडीटी फाइल (सिस्टीमला हार्डवेअरची माहिती देणारी) लागते, ती आम्ही शेवटी टाकली.) फरक काही पडला नाही. स्क्रीन तशीच काळी.

मग -आयजीएफएक्सव्हेसा टाकून बघितलं. ह्याने इंटेल ग्राफिक्सचं प्रवेगण पूर्ण बंद होतं आणि सगळं चित्र प्रोसेसर रंगवतो. आणि इन्स्टॉल पुढे जाऊन डेस्कटॉप आला! भाची ओरडलीच, तिची आई स्वयंपाकघरातून बघायला आली. पण जरा चालवून बघितलं तर डॉकच्या, म्हणजे खालच्या आयकॉनच्या पट्टीच्या, मागची पारदर्शकता गायब, खिडकी ओढली की तिचे तुकडे मागे राहतात, आणि माहितीच्या खिडकीत ग्राफिक्सच्या पुढे मेमरी ७ एमबी. हा ७ एमबीचा आकडा दिसला की समजायचं ड्रायव्हर लागलेलाच नाहीये. एक्सकोड ह्यावर उघडेल पण आयफोनचा सिम्युलेटर चालवणं अशक्य. तरी आमच्या दृष्टीने हे फार मोठं काम झालं होतं, कारण आता आतून बसून दुरुस्ती करता येणार होती आणि दोष पक्का इंटेलच्या ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये आहे हे ठरलं होतं.

आता ती सेटिंग आली कुठून? तिने कुणाचं तरी ओपनकोरचं तयार फोल्डर उतरवून घेतलं होतं, त्यावर लिहिलं होतं यूएचडी ६२०, तिच्या लॅपटॉपवर पण यूएचडी ६२०, झालं. मी त्यातली कॉन्फिग फाइल (सगळी सेटिंग जिच्यात असतात ती) उघडली आणि प्लॅटफॉर्म आयडी, म्हणजे ग्राफिक्सची कुठली मांडणी वापरायची ते सांगणारा आकडा, बघितला, ००००९बी३ई. हा इंटेलच्या कॉफी लेक पिढीचा. तेव्हा कळलं काय झालंय ते.

इंटेलने यूएचडी ६२० हे नाव एकापेक्षा जास्त पिढ्यांना दिलंय. २०१७ मध्ये आलेला आय५-८२५०यू हा केबी लेक आर, त्यात यूएचडी ६२०. पुढच्या वर्षी आलेला आय५-८२६५यू हा व्हिस्की लेक, त्यातही यूएचडी ६२०. खोक्यावर, स्टिकरवर, दुकानाच्या बिलावर फरक कळत नाही, दोन्हीकडे आठवी पिढीच लिहिलेली असते. पण मॅकओएसमध्ये दोघांचे ड्रायव्हर वेगळे, केबी लेकचा वेगळा आणि कॉफी लेकचा वेगळा, आणि व्हिस्की लेकला कॉफी लेकवाल्याच्या पंक्तीला बसवतात. आमच्या चिपला चुकीच्या घरचा ड्रायव्हर दिला होता, तो लागत होता आणि तिथेच सगळं गोठत होतं. खात्री करायची तर नावावर जायचंच नाही, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर उघडायचा, डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघायचा. आमचा निघाला ५९१७. हा केबी लेक आर. व्हिस्की लेक असता तर ३ईए० आला असता.

मग प्लॅटफॉर्म आयडी बदलून ००००सी०८७ केला. हा आयडी मूळचा २०१८ च्या मॅकबुक एअरच्या यूएचडी ६१७ घराण्यातला आहे आणि केबी लेक आरच्या ६२० ला तोच सुचवतात. शिवाय ५९१७ हा आयडी कुठल्याच मॅकमध्ये नव्हता, त्यामुळे ड्रायव्हर त्याला ओळखत नाही, म्हणून डिव्हाइस आयडी खोटा सांगावा लागतो, ५९१६, म्हणजे साधा एचडी ६२०. फाइलमध्ये लिहिताना हे आकडे जोडीजोडीने उलटे करून लिहायचे, ५९१६ चं १६५९०००० होतं. भाचीने हे पहिल्यांदा सरळच लिहिलं होतं, मी बघितलं म्हणून सापडलं.

रीस्टार्ट केलं आणि पुन्हा काळं. काहीही बदल नाही, अगदी तसंच. इथे आमचे दोन तास गेले आणि ते का गेले ते सांगायलाच हवं. आम्ही मॅकओएसमध्ये बसून एसएसडीवरच्या ईएफआय पार्टिशनमधली (बूटलोडर ठेवायचा छोटा भाग) कॉन्फिग फाइल बदलत होतो आणि लॅपटॉप चालू होत होता पेनड्राइव्हवरच्या ईएफआयवरून. दोन्हीकडे फोल्डरचं नाव सारखं, फाइलचं नाव सारखं. शंका मला तेव्हा आली जेव्हा मी मुद्दाम एक आर्ग्युमेंट वाढवलं, व्हेसा मोडमध्ये आत जाऊन टर्मिनलमध्ये एनव्हीरॅममधले (बंद केल्यावरही सेटिंग लक्षात ठेवणारी छोटी मेमरी) बूट आर्ग्युमेंट छापून बघितले आणि ते तिथे नव्हतंच. तेव्हापासून एक पद्धत ठेवली, बदल केला की आधी तो खरंच पोचलाय का ते बघायचं, मगच त्याचा परिणाम बघायचा. आणि प्रत्येक वेळी ओपनकोरच्या यादीत स्पेसबार दाबून रीसेट एनव्हीरॅम करायचं, कारण जुनं काहीतरी आत चिकटून राहतं.

पेनड्राइव्हवरची फाइल दुरुस्त केली तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि मला शेवटच्या गाड्यांच्या आधी निघायचं होतं. चालू केलं, अक्षरं धावली, स्क्रीन काळी झाली आणि तीन-चार सेकंदांनी लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट झाला. भाचीचा चेहरा उतरला पण मला बरं वाटलं, कारण हे वेगळं होतं. आधी काळं होऊन तसंच पडून राहायचं, कॅप्स लॉक दाबलं तरी त्याचा दिवा लागत नव्हता, म्हणजे सिस्टीम गोठलेली. आता स्वतःहून रीस्टार्ट होतंय म्हणजे केर्नल पॅनिक, सिस्टीमचा गाभाच कोसळतोय. रोग बदलला म्हणजे पहिलं औषध लागू पडलं.

दुसरा शनिवार ह्या पॅनिकवर गेला, तसा उपाय लहान होता. इंटेलची ग्राफिक्स चिप रॅममधला एक तुकडा राखून ठेवते, त्याला डीव्हीएमटी म्हणतात, आणि तो किती हे बायोस ठरवतं. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये तो ३२ एमबी असतो आणि मॅकओएसचा फ्रेमबफर (स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारा ड्रायव्हरचा भाग) त्यापेक्षा जास्त मागतो, मागितलेलं मिळालं नाही की ड्रायव्हर कोसळतो आणि सगळ्या सिस्टीमला घेऊन जातो. बायोसमध्ये ६४ करायचा पर्याय असला तर तेवढं करायचं आणि विषय संपला. आमच्या बायोसमध्ये तो पर्याय नव्हता, बायोसच्या लपलेल्या सेटिंगमध्ये हात घालायचे मार्ग आहेत पण एक आकडा चुकला तर लॅपटॉप चालूच होत नाही, आणि हा लॅपटॉप त्या घरातला एकमेव कॉम्प्युटर, धाकटा भाऊसुद्धा त्यावरच अभ्यास करतो, म्हणून मी ते करणार नाही असं आधीच सांगून टाकलं. त्याऐवजी व्हॉटएव्हरग्रीन ह्या ग्राफिक्स जुळवून देणाऱ्या प्लगइनकडून फ्रेमबफरची मागणीच कमी करायची, स्टोलनमेम १९ एमबी, एफबीमेम ९ एमबी, दोन्ही मिळून २८, बत्तीसच्या आत बसतं. फ्रेमबफर-पॅच-एनेबल चालू केल्याशिवाय ह्या दोन ओळी वाचल्याच जात नाहीत, ते विसरू नका.

रीस्टार्ट व्हायचं थांबलं. पण स्क्रीन अजून काळीच.

इथे मी खरंच अडकलो. कॅप्स लॉकचा दिवा लागत होता, विझत होता, पंख्याचा आवाज नेहमीसारखा. म्हणजे सिस्टीम जिवंत आहे. घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावली, त्यावरही काही नाही, आणि ह्या टेस्टने मला अर्धा तास चुकीच्या रस्त्याला नेलं, मला वाटलं दोन्हीकडे नाही म्हणजे फ्रेमबफर अजून चुकीचाच आहे. खरं म्हणजे एचडीएमआयचं वेगळं दुखणं होतं, त्याचा कनेक्टर वेगळ्या प्रकारचा म्हणून नोंदलेला होता, त्याचा पॅनलशी काही संबंध नव्हता.

सापडलं ते भाचीला. बाहेर पाऊस धो धो पडत होता, खोलीत ट्यूबलाइट, ती लॅपटॉप मांडीवर घेऊन कंटाळून स्क्रीन पुढेमागे करत होती आणि एकदम थांबली. "मामा, आत काहीतरी आहे." मी म्हटलं काय आहे? म्हणाली तिरकं बघ. मी दिवा घालवला, मोबाईलचा टॉर्च स्क्रीनला अगदी जवळ धरला, तिरका, आणि त्या काळ्यात राखाडी रंगाचं, धुरकट, पण स्पष्ट, लॉगिनची खिडकी दिसत होती, त्यात तिचं नाव, आणि माउस हलवला तर बाणही हलत होता. चित्र पूर्ण तयार होतं, फक्त त्याच्या मागचा दिवा विझलेला होता. किती वेळ ते तसं तयार होऊन आमच्यासमोर पडलं होतं कोण जाणे. मी तिच्या पाठीवर थाप मारली, हे मला सुचायला हवं होतं, टॉर्चची टेस्ट पॅनल दुरुस्त करणारे रोज करतात.

बॅकलाइटला, म्हणजे ह्या मागच्या दिव्याला, मॅकओएसमध्ये दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे पीएनएलएफ नावाची एसएसडीटी, तिच्यामुळे सिस्टीमला कळतं की इथे उजेड कमी जास्त करता येणारं पॅनल आहे. तयार फोल्डरमध्ये ती फाइल होती पण कॉन्फिगमध्ये बंद केलेली होती. ती चालू केली, तरी अंधार. दुसरी गोष्ट म्हणजे बॅकलाइटचे रजिस्टर, बायोसने उजेडाचा जो हिशोब लावून ठेवलेला असतो तो अ‍ॅपलच्या ड्रायव्हरच्या हिशोबाशी जुळत नाही, आणि ड्रायव्हरने ताबा घेतला की दिवा शून्याला जातो. (म्हणूनच व्हेसा मोडमध्ये उजेड होता, तिथे ड्रायव्हर त्या हिशोबाला हातच लावत नाही.) ह्यावरचं नेहमीचं औषध -आयजीएफएक्सबीएलआर. आम्ही ते टाकलं, पोचलंय हे तपासलं, एनव्हीरॅम रीसेट केलं. अंधार.

तो शनिवार तिथेच संपला. गाडीत बसून घरी येताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, हे औषध तर बरोबर आहे, मी स्वतः एका मोंटेरेवाल्या (व्हेंचुराच्या आधीची आवृत्ती) लॅपटॉपला दिलंय आणि लागू पडलंय. मग विक्रोळीच्या आसपास लक्षात आलं की फरक तोच आहे, ते मोंटेरे होतं. १३.४ पासून अ‍ॅपलच्या ड्रायव्हरच्या आतली रचना बदलली आणि जुना पॅच ज्या जागेला पकडायचा ती जागाच तशी राहिली नाही. व्हॉटएव्हरग्रीनवाल्यांनी त्यासाठी दुसरा पर्याय काढला, -आयजीएफएक्सबीएलटी, शेवटचं एक अक्षर वेगळं, आरऐवजी टी. आमचं १३.६, आणि १३.४ च्या खाली जाता येत नाही कारण एक्सकोड. घरी पोचल्यावर तिला हे मेसेज करून सांगितलं, पण काही बदलू नकोस, शनिवारी बघू. तिने वाट बघितली नाही. रात्री साडेबाराला फोटो आला, पूर्ण उजेडात डेस्कटॉप, आणि खाली लिहिलं होतं "ट". नंतर कळलं की पहिल्या वेळी तिचंही चाललं नव्हतं कारण फोल्डरमधलं व्हॉटएव्हरग्रीन जुनं होतं, त्यात हा पर्यायच नव्हता, तिने नवीन टाकलं, त्याला लागणारं लिलू नावाचं प्लगइनही नवीन घेतलं, आणि जुनं बीएलआर काढून टाकलं, दोन्ही एकत्र ठेवायचे नसतात.

ग्राफिक्सच्या पुढे आता १५३६ एमबी. डॉक पारदर्शक. सिम्युलेटर चालतो, ८ जीबीत जरा धापा टाकत, पण चालतो.

तिसऱ्या शनिवारी गेलो तो उरलंसुरलं आवरायला. एचडीएमआयसाठी कनेक्टर एकचा प्रकार एचडीएमआय करून दिला, त्याची किंमत ०००८००००, टीव्हीवर चित्र आलं. ओपनकोर पेनड्राइव्हवरून एसएसडीवर हलवला आणि पेनड्राइव्ह तसाच्या तसा कपाटात ठेवायला सांगितला, त्याला चिकटपट्टी लावून तारीख लिहून, कारण पुढे कधी काही बिघडलं तर चालू स्थितीतली एक प्रत हातात हवी. आपोआप होणारी अपडेट बंद केली. एवढ्या मेहनतीनंतर एका रात्री सिस्टीम स्वतःहून पुढे सरकली आणि ड्रायव्हर पुन्हा बदलला तर परत पहिल्यापासून.

मधे तिच्या बाबांनी मला चहा दिला आणि विचारलं, "म्हणजे पॅनलला काहीच झालं नव्हतं?" म्हटलं, काहीच नाही. त्यांनी दुकानवाल्याबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त म्हणाले की हिच्या फीचा हप्ता आहे पुढच्या महिन्यात, बरं झालं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाहीये. झाकण बंद करून परत उघडलं की उजेड एकदम पूर्ण होतो, आधीचा लक्षात राहत नाही. मी दोन-तीन उपाय करून बघितले, नाही झालं. भाची म्हणते राहू दे मामा, सकाळी उघडलं की मी दोनदा बटण दाबते आणि कामाला लागते.